निरुपयोगी दगडांच्या बाजूने

सहलीवरून परतल्यावर वार्षिकांकासाठी कोणी तरी प्रवासवर्णन लिहावे, अशी प्रथा आहे. त्यात पहाटेची थंडी असते, बसमधील अंताक्षरी असते, कोणाचा तरी हरवलेला बूट असतो आणि शेवटी 'त्या आठवणी अजूनही मनात रेंगाळत आहेत' हे वाक्य असते. हे सारे आमच्याही सहलीत घडले. परंतु यंदा प्रवासवर्णन न लिहिता मला एक मत मांडायचे आहे, आणि ते मत सहलीहून परतल्यावर घरच्या ओसरीत जन्मले.

हंपी, दरोजी आणि संडूर असा चार दिवसांचा प्रवास करून मी कामरगावला परतले, तेव्हा आबाजींनी विचारले, "काय काय पाह्यलं वं?" मी मोठ्या उत्साहाने मोबाइलमधील छायाचित्रे दाखवू लागले. मंदिरे दहा-बारा, बाकी सगळे दगड. दगडांवर दगड, दगडांमागे दगड, दगडांवर बसलेले अस्वल. आबाजींनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाबू, गोटेच पाहाचे होते त आपल्या इथं काय कमी हायेत? अन् तेही पैसे खर्चून?"

सगळे हसले. मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटेना. खरेच, माणसाने दगड पाहायला का जावे? कोणते दगड पाहायचे आणि कोणते फोडायचे, हे कोण ठरवते? या लेखाचा विषय एवढाच आहे.

आपला वऱ्हाड काळ्या पाषाणाचा प्रदेश. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस वर आला, थरांवर थर साचले आणि त्यांतून दख्खनचे पठार झाले, हे आपण शाळेत शिकलो. कपाशी पिकवणारी आपली काळी माती याच दगडाची लेक. कामरगावात जन्मलेल्या माणसाला दगड म्हटले की काळाच आठवतो. म्हणून बस बीदरच्या पुढे गेली आणि जमिनीचा रंग पालटू लागला, तेव्हा मी खिडकीची जागा सोडली नाही. कलबुर्गीच्या परिसरात शहाबादी फरशीच्या खाणी दिसल्या. आपल्या स्वयंपाकघरात, ओसरीत, शाळेच्या व्हरांड्यात जी फरशी आपण आयुष्यभर पायाखाली घेतो ती या मातीतून निघते, हे तोवर कधी मनातच आले नव्हते. शहापूरच्या पुढे तर काळा दगड संपलाच. करड्या-गुलाबी ग्रॅनाइटच्या टेकड्या सुरू झाल्या. एखाद्या राक्षसाच्या पोराने खेळता खेळता भांडी रचून ठेवावीत आणि आईने हाक मारताच तशीच टाकून जावे, असे ते दृश्य होते.

भूगोलाच्या सरांनी बसमध्येच त्याचा उलगडा केला. हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. म्हणजे आपला वऱ्हाडी पाषाण त्याच्यापुढे कालचे पोर! तप्त रस जमिनीच्या पोटात, वर न येता, सावकाश निवाला; म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसतील एवढे मोठे झाले. पुढे वरचा भार झिजून गेला, तसा तो मोकळा होऊन उभ्या-आडव्या भेगांनी तडकला. भेगांतून पाणी शिरले. ग्रॅनाइटमधील फेल्डस्पार नावाचे खनिज पाण्याने कुजते आणि त्याची माती होते. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, कारण तेथे पाणी दोन-तीन बाजूंनी लागते. म्हणून ठोकळे गोल होत जातात. मग पाऊस भोवतालची माती वाहून नेतो आणि उरतात ते एकावर एक तोललेले गोटे. म्हणजे ते कोणी आणून रचलेले नाहीत. ते होते तेथेच आहेत, भोवतालचे सारे निघून गेले. हे ऐकल्यावर बसमधील अंताक्षरी क्षणभर थांबली होती, हे मी साक्षीने सांगते.

हंपीविषयी मी लिहिणार नाही. १३३६ ते १५६५ हा विजयनगरचा वैभवकाळ, तालिकोटची लढाई, १९८६ साली मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा, हे सर्व इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. एकच गोष्ट नोंदवते. मंदिरांच्या आसपासच्या अनेक शिळांवर एका रेषेत चौकोनी खाचा दिसतात. दगड फोडण्यासाठी पाथरवटांनी पाचरी ठोकण्याकरिता केलेल्या त्या खाचा आहेत. काही शिळा फुटल्या, त्यांचे खांब झाले. काही शिळांवर खाचा तेवढ्या राहिल्या. पाचर ठोकायला कोणी परत आलेच नाही. मला विठ्ठल मंदिराच्या कोरीव खांबांपेक्षा या अर्धवट खाचांनी अधिक वेळ धरून ठेवले.

हंपीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर दरोजीचे अस्वल अभयारण्य आहे. १९९४ साली ते घोषित झाले. पुढे त्याची हद्द वाढून ते सुमारे त्र्याऐंशी चौरस किलोमीटरचे झाले. केवळ अस्वलासाठी राखलेली अशी जंगले आपल्या देशात फार थोडी. 'जंगल' म्हटल्यावर मेळघाटातील साग डोळ्यांसमोर आणणाऱ्यांची तेथे निराशा होईल. काटेरी झुडपे, सीताफळ, बोर, टेंभुर्णी, आणि मध्ये मध्ये ग्रॅनाइटचे ढीग. त्या ढिगांच्या पोटात गुहा आहेत. बाहेर ऊन तावत असताना आत गारवा असतो. अस्वल दिवसा तेथे झोपते, संध्याकाळी बाहेर पडते. वाळवी हे त्याचे मुख्य अन्न. त्याच्या वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात निसर्गानेच दिलेले नाहीत. त्या फटीतून ते वारुळातील वाळवी फुंकून-ओढून घेते. मादी पिलांना पाठीवर घेऊन हिंडते. हे आम्ही मनोऱ्यावरून डोळ्यांनी पाहिले.

पण पाहिले कसे, तेही सांगितले पाहिजे. वनखात्याची माणसे दुपारी समोरच्या खडकावर गूळ आणि मध यांचे मिश्रण फासून ठेवतात. अस्वले त्याच्या ओढीने येतात आणि प्रवासी ती पाहतात. पहिले अस्वल खडकाआडून आले तेव्हा आमच्यातील काहींनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही हातून वाजल्या. मग लाज वाटली. अडीचशे कोटी वर्षांचा खडक आणि त्याला आम्ही गुळाची ताटली करून टाकले आहे! अर्थात, दुसरी बाजूही आहे. लोकांनी अस्वल पाहिलेच नाही तर त्याच्यासाठी जमीन राखा असे सरकारला कोण सांगणार? हा प्रश्न मी सोडवू शकलेले नाही. नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या सरांनी आम्हांला बळ्ळारीजवळच्या कुपगल-संगनकल्लूच्या टेकड्यांकडे नेले. तेथे मात्र माझे डोळे उघडले. या ग्रॅनाइटच्या टेकडीतून काळ्या डोलेराइटची एक भिंत आरपार गेली आहे. डोलेराइट म्हणजे आपल्या वऱ्हाडी काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. वयाने फार थोरला, आणि जमिनीवर न येता भेगेतच निवालेला. चार हजार वर्षांपूर्वी, नवाश्मयुगात, माणसांनी हा काळा दगड फोडून त्याच्या कुऱ्हाडी बनवल्या. टेकडीवर ओबडधोबड आकार द्यायचा आणि खाली ग्रॅनाइटच्या शिळेवर घासून धार लावायची. त्या घासण्याने पडलेल्या गुळगुळीत खोबणी अजून दिसतात. दक्षिण भारतातील कुऱ्हाडींचा हा एक मोठा कारखानाच होता. म्हणजे जे स्थळ आम्ही 'निसर्गरम्य' आणि 'निर्मनुष्य' म्हणून पाहायला गेलो, तेथे चार हजार वर्षांपूर्वी खदान चालू होती!

त्याच काळ्या भिंतीवर त्या माणसांनी चित्रेही ठोकून काढली आहेत. वशिंडाचे बैल तर ठायी ठायी आहेत. आपल्या पोळ्याच्या बैलांसारखेच. आणि काही शिळा अशा आहेत की दगडाने ठोकल्या की घंटेसारख्या वाजतात. ठोकून ठोकून त्यांवर वाट्यांसारखे खळगे पडले आहेत. म्हणजे कोणी तरी, केवळ नाद ऐकण्यासाठी, पिढ्यान् पिढ्या ते दगड वाजवीत होते. कुऱ्हाडही त्याच दगडाची आणि वाद्यही त्याच दगडाचे. खाण खोदणाऱ्या त्या माणसाला उपयोग आणि आनंद ही दोन वेगळी खाती ठाऊक नसावीत. या टेकडीवर अलीकडे सुरू झालेल्या दगडफोडीने तो ठेवा नष्ट होईल, अशी धोक्याची सूचना संशोधकांनी २००४ च्या सुमारास दिली होती. चार हजार वर्षांच्या खदानीने जे राखले, ते यंत्राची खदान काही वर्षांत संपवू शकते, एवढाच त्याचा अर्थ.

आता संडूर. हे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मला नव्हते. कर्नाटकाच्या मध्यावर, लोखंडी डोंगरांच्या कुशीत, घोरपड्यांचे हे छोटे मराठी संस्थान होते. मराठ्यांच्या इतिहासात गाजलेल्या गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या घराण्याचे. १९४९ साली ते विलीन झाले. येथील कुमारस्वामीच्या देवालयाचे दार त्रावणकोरच्या १९३६ च्या प्रसिद्ध घोषणेच्याही आधी अस्पृश्यांसाठी उघडले गेले होते. १९३४ साली गांधीजी येथे येऊन गेले. पावसाळ्यानंतर हे डोंगर हिरवेगार होतात. ज्यांनी ते पाहिले आहेत ते त्यांची तुलना थंड हवेच्या ठिकाणांशी करतात, आणि एके काळी येथील रामगडावर इंग्रज सरकारने बळ्ळारीच्या फौजेसाठी आरोग्यस्थान काढलेही होते.

या डोंगरांत लोह आणि मँगेनीज आहे. पूर्वी आसपासचे लोहार कोळशाच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळत; विलायती लोखंड स्वस्त झाले आणि त्या भट्ट्या विझल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मँगेनीजच्या खाणी निघाल्या, आणि पोलाद बनवण्यासाठी ते खनिज परदेशी जाऊ लागले. शंभर वर्षे हे एका वेगाने चालले. मग २००० नंतर चीनमध्ये पोलादाची मागणी भडकली, लोहखनिजाचे भाव गगनाला भिडले आणि डोंगरांवर यंत्रे तुटून पडली. परवान्याच्या हद्दीबाहेर खणले गेले, जंगलात खणले गेले. रस्ते, झाडे, घरे, जनावरांची पाठ, सगळे लाल झाले. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदाय या संस्थेने २००९ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. जुलै २०११ मध्ये लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचा अहवाल आला. बेकायदा खाणकामाने सरकारी तिजोरीचे सोळा हजार कोटींहून अधिक नुकसान झाल्याचे त्यात म्हटले होते. त्याच महिन्यात न्यायालयाने बळ्ळारीतील खाणकाम थांबवले. २०१३ साली न्यायालयाने सर्वांत दोषी खाणींचे परवाने रद्द केले, बाकीच्यांना उत्पादनाची मर्यादा घालून पुन्हा परवानगी दिली. आम्ही गेलो तेव्हा मालमोटारी चालू होत्या. आच्छादन घातलेल्या आणि रांगेत.

येथे एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. संडूरच्या राजघराण्यातील एम. वाय. घोरपडे. कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले, आणि त्याचबरोबर वन्यजीवनाचे कृष्णधवल छायाचित्रकार म्हणून जगभर नावाजले गेले. खाणींचा उद्योग त्यांच्याच घराण्याचा. आणि जंगलाच्या सावलीत हत्तीची वाट पाहत तासन् तास बसणारे डोळेही त्यांचेच. एका माणसात ही दोन्ही माणसे कशी नांदली असतील? २०११ साली, ज्या वर्षी बळ्ळारीतील खाणी थांबल्या त्याच वर्षी, ते वारले. त्यांना मी दोष देत नाही. उलट, आपण सारेच थोडेथोडे असे आहोत, एवढेच मला म्हणायचे आहे. ते कसे, ते पुढे सांगते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. नकाशा समोर ठेवा. एका बाजूला दरोजीचे ग्रॅनाइटचे गोटे: अस्वलांसाठी राखलेले, कुंपण घातलेले, फलक लावलेले. दुसऱ्या बाजूला, थोड्याच अंतरावर, संडूरचे लोहडोंगर: कापलेले, पायऱ्या पाडलेले, लाल. जंगलाची श्रीमंती पाहिली तर संडूरच्या डोंगरांचे रान अधिक दाट. मग राखले गेले ते काटेरी रान, आणि खणले गेले ते दाट रान, असे का? माझ्या अल्प बुद्धीला एकच उत्तर सुचते. ग्रॅनाइटच्या त्या ढिगांत विकण्यासारखे कोणाला काही दिसले नाही. आम्ही निरुपयोगी ते राखले आणि उपयोगी ते खाल्ले. आणि राखलेल्याच्या दारावर पाटी लावून स्वतःची पाठ थोपटली.

हे जर खरे असेल, तर आपल्या निसर्गप्रेमाचा पाया फार कच्चा आहे. कारण 'निरुपयोगी' हा शब्द बाजार ठरवतो आणि बाजाराचे मत रोज बदलते. काल ग्रॅनाइटला कोणी विचारत नव्हते. आज त्याच्या चकचकीत लाद्या खेड्यातील ओट्यांपर्यंत आल्या आहेत. आमच्या नव्या स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा आहे आणि आईला त्याचा केवढा अभिमान आहे! ज्याचे रक्षण केवळ त्याला भाव नसल्यामुळे झाले, त्याचे भाव आल्यावर काय होणार?

येथे कोणी म्हणेल, हा सुशिक्षितांचा भावुकपणा झाला. दगड फोडल्याशिवाय रस्ते होत नाहीत, रस्त्यांशिवाय दवाखाना गाठता येत नाही, आणि तुमची बस काय हवेतून गेली? हा आक्षेप योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा तालुक्यातून गेला आहे. तो काय कापसावर उभा राहिला? त्याखाली मुरूम आहे, गिट्टी आहे. टेकड्याच्या टेकड्या आहेत. माझा दादा चार वर्षे टिप्पर चालवत होता. सहलीहून आल्यावर मी दरोजी-संडूरची ही सारी तत्त्वे घरात सांगू लागले, तेव्हा त्याने शांतपणे जेवता जेवता म्हटले, "तुही फी याच गिट्टीतून भरली, ध्यानात ठेवजो."

मी ध्यानात ठेवले आहे. म्हणूनच मघाशी म्हटले की आपण सारेच थोडेथोडे घोरपडे आहोत. एका हातात खाण, दुसऱ्या हातात कॅमेरा.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो अधिक जड आहे. रानातील जनावर राखणाऱ्यांना टाळ्या मिळतात. त्याची किंमत मात्र कुंपणाबाहेरचा माणूस मोजतो. दरोजीच्या आसपासच्या शेतांत अस्वले शिरतात. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात अस्वलाने माणसे फाडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कारंजा-सोहोळच्या काळविटांचे कौतुक सहलीच्या दिवशी ठीक. पण रोही आणि रानडुकरे तुरीत शिरली की रात्र रात्र जागली करणारा माझा बाप त्यांना वन्यजीव म्हणत नाही. जे म्हणतो ते या अंकात छापता येणार नाही. तेव्हा 'सगळे राखा' असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

मग मला म्हणायचे तरी काय आहे?

आमच्या गावाबाहेर एक बरड टेकडी आहे. सरकारी दप्तरात ती ई-क्लास जमीन. तिच्यावर काही पिकत नाही. गावच्या शेळ्या चरतात, पोरे पतंग उडवतात, आषाढात बाया वरच्या शेंदरी दगडाला नैवेद्य घेऊन जातात. सीताफळाची दहा-वीस झुडपे आहेत. त्यांची फळे कोणाच्या मालकीची नसल्यामुळे सगळ्यांची असतात. पाऊस पडला की तिच्या अंगावरचे पाणी मुरमातून झिरपत खालच्या विहिरींना लागते. गेल्या वर्षापासून गावात चर्चा आहे की ती टेकडी गिट्टीसाठी मागितली गेली आहे. कोणी म्हणते ठराव झाला, कोणी म्हणते व्हायचा आहे. मी चौकशी केली तेव्हा एका जाणत्या गृहस्थांनी मला विचारले, "पोरी, ते टेकडी तुले काय कामाची?"

आबाजींचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे. काय कामाची? आणि मला जाणवले की त्याचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. दरोजीच्या गोट्यांविषयी मी पाच पाने लिहू शकते. माझ्या गावच्या टेकडीवर किती जातींची झाडे आहेत, तिच्या पायथ्याच्या किती विहिरी उन्हाळ्यात टिकतात, तिच्यावर कोणाच्या शेळ्या जगतात, हे मला सांगता येत नाही. संडूरला न्यायालयात जे टिकले ते भावनेवर टिकले नाही. नकाशे, मोजणी, नोंदी यांवर टिकले. हद्दीचा दगड कोठे होता आणि खणले कोठे, हे दाखवता आले म्हणून न्याय मागता आला. ज्याची नोंद नाही ते गेले तरी गेल्याचीही नोंद होत नाही.

म्हणून माझे मत असे. टेकडी फोडूच नये, असे मी म्हणत नाही. पण ती फोडण्यापूर्वी गावाने चार प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे कागदावर घ्यावीत. किती जागेत खोदणार? किती खोल? खालच्या विहिरींचे काय? आणि काम संपल्यावर तो खड्डा कोण बुजवणार? संडूरचा सारा अनर्थ हे प्रश्न वेळेवर, मोठ्याने आणि सर्वांसमोर न विचारल्याने झाला. ते विचारायला दिल्लीचे न्यायालय लागले. आपल्या टेकडीसाठी एवढ्या दूर जायची वेळ का येऊ द्यावी? ग्रामसभेची घंटा पुरेशी आहे, जर सभेला माणसे आली तर.

आणि येथे कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी मागे का राहावे? आपल्याला नेहमी ऐकवले जाते की बी. ए. करून काय होणार. आपली शाखाच 'निरुपयोगी' दगडांची! पण २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाने आपल्या झाडा-प्राण्यांची, पाण्याची आणि त्यांविषयी लोकांना असलेल्या ज्ञानाची एक लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञांनी या कल्पनेसाठी वर्षानुवर्षे खेड्यांतून काम केले. ही वही लिहायला प्रयोगशाळा लागत नाही. विचारणारी जीभ, ऐकणारे कान आणि लिहिणारा हात लागतो. कोणत्या पाल्याने ढोरांचे पोट फुगणे उतरते, पूर्वी कोणत्या नाल्यात आषाढात मासे चढत, शेंदरी दगडाची कहाणी काय, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्यायचे आहे. हे काम मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक चांगले कोण करील? प्राध्यापक महोदयांना माझी नम्र विनंती आहे की राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबर एक दिवस या वहीलाही द्यावा. पुढील सहल दूर न्यावी की जवळ, हा निर्णय आपला. पण निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावच्या एका टेकडीचे, तळ्याचे वा नाल्याचे एक पान लिहून द्यावे, अशी अट घालावी. ते पान सोबत असले म्हणजे दूरचा दगडही अधिक नीट दिसतो, हे मी आता सांगू शकते.

मी माझे पान सुरू केले आहे. गेल्या रविवारी आबाजींना घेऊन टेकडीवर गेले. वर चढताना त्यांना दम लागत होता. पण एकदा बसल्यावर बोलायला लागले ते थांबेनात. तेरा झाडांची नावे त्यांनी सांगितली. त्यांतील पाच आता टेकडीवर नाहीत. एका खडकाच्या सावलीत बसून ते म्हणाले की लहानपणी गुरे राखताना याच खडकाखाली ते भाकर ठेवीत, कारण येथे ती वाळत नसे. दादाही मागून आला होता. त्याने खडकावर हात ठेवून, एखादा कसबी माणूस पाहील तसे पाहिले आणि म्हणाला, "गिट्टी चांगली निघन याची." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "पण एक डाव निघाली का निघाली."

मी दोघांचेही बोलणे वहीत लिहून घेतले आहे.

— बी. ए. भाग ३